शेवटच्या पानावरचा क्रमांक

ही गोष्ट मी आजवर एकदाच मोठ्याने उच्चारली आहे — स्वयंपाकघरात, एकटी असताना, कुकरची शिट्टी चालू असताना. शिट्टी थांबली आणि मीही थांबले. ऐकायला कुणी नव्हतं, तरीसुद्धा. आता तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, हे एक बरं आहे. ओळखत असतात तर मी हवापाण्याचे चार शब्द बोलून पिशवी उचलली असती.

आधी वाचनालयाचं सांगू द्या. मुद्द्यावर यायला मला वेळ लागेल — पण येईन.

कर्वेनगरात आमच्या सोसायटीपासून दहा मिनिटांवर, एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर एक लहानसं खासगी वाचनालय आहे. तिथल्या पुस्तकांना ज्वारीच्या पिठाचा वास येतो. सुधाताई ते चालवतात. त्यांनी एक पद्धत पाडली होती. प्रत्येक नव्या पुस्तकाच्या शेवटी एक रेघांचा कागद डकवायचा आणि वाचणाऱ्याने त्यावर आपला अभिप्राय लिहायचा. नाव घालायचं नाही, फक्त सभासद क्रमांक. नाव नसलं की माणूस खरं लिहितो, असं सुधाताईंचं म्हणणं. भिंतीवर पाटीच होती — ‘अभिप्राय पुस्तकाबद्दल द्यावा, लेखकाच्या खानदानाबद्दल नको. पेन्सिलीने लिहावे. पेन्सिल आपली आणावी.’

नाव नसलं की माणूस खरं लिहितो? असेल. मी काय लिहिलं, ते सांगतेच.

मी एका कॉलेजच्या कार्यालयात बत्तीस वर्षं कारकून होते. प्रवेशाचे अर्ज तपासायचे, चुकलेले पुन्हा भरून घ्यायचे, आणि मुलांना जमत नसेल तर त्यांच्यासमोर बसून स्वतः भरायचे. लग्न केलं नाही. राहून गेलं म्हणा. घरी मी एकटीच. आई नाशिकला भावाकडे असते, असं मी सांगायचे. निवृत्त झाल्यावर पहिले दोन महिने बरे गेले, मग आठवडा फार लांब व्हायला लागला. सोमवार ते शुक्रवार मी भाजीवाल्याशी आणि टीव्हीशी बोलायचे. शनिवारी अकरा वाजता वाचनालयात जायचे, कारण त्या वेळी बापट येत.

बापट म्हणजे निवृत्त गृहस्थ, सत्तरीचे, बायको गेलेली, जीभ तिखट. आत येताच “दोनशे सात!” असा आपला क्रमांक ओरडून सांगायचे, जणू रेशनच्या रांगेत उभे आहेत. मला बघून म्हणायचे, “काय बाई, आज कुठली रद्दी नेताय?” मी म्हणायचे, “तुम्ही परत केलेलीच.” एवढंच. दर शनिवारी हेच. तुम्हाला हसू येईल, पण सबंध आठवड्यात माझी कुणी चेष्टा केली असेल तर ती तेवढीच — आणि मी तिची वाट बघायचे.

आता ते पुस्तक. लेखकाचं नाव घेत नाही. भयकथांवर ज्यांचं अख्खं तरुणपण गेलं, त्यांना तो ठाऊक असेलच. एसटी स्टँडवरच्या गाड्यांवरसुद्धा त्याची पुस्तकं मिळतात. त्याने या वेळी झॉम्बींवर कादंबरी लिहिली, तीही पुण्यात घडणारी. पण याचे झॉम्बी कुणाच्या मागे धावत नाहीत. मेलेली माणसं उठतात आणि आपापल्या घरी येऊन दारात उभी राहतात. त्यांना जिना आठवतो, कडी कुठल्या बाजूला आहे ते आठवतं. घरातली माणसं तेवढी आठवत नाहीत. निम्मी कादंबरी एका मुलीची आहे. आपल्या मेलेल्या आईला ती मागच्या खोलीत ठेवते, तिला भरवते, तिचे केस विंचरते. आई कधीकधी चावते. मुलगी हाताला पट्टी बांधते आणि पुन्हा भरवायला बसते.

झालं! वाचनालयात दोन तट पडले. एकाने लिहिलं, ‘दीडशे पानं कुणी कुणाला खात नाही. मग झॉम्बी कशाला?’ त्याखाली दुसऱ्याने, ‘तुम्हाला खाणंच हवं तर पाककृतीचं पुस्तक न्या.’ एकीने लिहिलं की हा लेखक म्हातारा झाला, आता घाबरवत नाही, रडवतो. एकाने विचारलं, लकडी पुलावर दुचाकीला बंदी, मढ्यांना चालतं का? बापटांनी आपल्या मागे झुकलेल्या ठसठशीत अक्षरात एकच शब्द लिहिला, ‘रटाळ’, आणि पुढे २०७. कागद भरला. सुधाताईंनी दुसरा डकवला. लोक कादंबरीपेक्षा ते पान वाचायला पुस्तक नेऊ लागले. मीही दोनदा नेलं. लिहिलं मात्र काही नाही. मला त्या पुस्तकाचा इतका राग का येत होता, हे कुणी विचारलं असतं तर मी भाषेच्या चुका दाखवल्या असत्या.

मग ४१२ क्रमांकाचा अभिप्राय आला. बारीक, दाबून लिहिलेलं अक्षर. मला तो पाठ आहे — ‘माझी आई आठ वर्षं अशी आहे. जिवंत आहे, पण मला ओळखत नाही. चावतेसुद्धा. केस विंचरले की शांत होते. हे या लेखकाला कुणी सांगितलं?’

त्या एका अभिप्रायाने भांडण थांबलं. ज्यांनी पुस्तकाला नावं ठेवली होती त्यांनीच खाली लिहिलं, ताई, जपा स्वतःला. कुणी लिहिलं, माझे वडील असेच गेले. पंधरा दिवसांनी ४१२ने पुन्हा लिहिलं — ‘शनिवारी शेजारच्या काकू आईपाशी तासभर बसतात. तेवढ्यात मी इथे येते आणि हे पान उघडते. तुम्ही सगळे कोण आहात मला माहीत नाही. पण मला घरी बोलायला कुणी नाही, म्हणून विचारते — आई मला खरंच ओळखत नसेल ना?’

तुम्ही काय लिहिलं असतंत? काहीतरी धीराचंच लिहिलं असतंत. कुणीही लिहिलं असतं.

मी पुस्तक तिसऱ्यांदा घरी नेलं. दुपारी जेवणाच्या टेबलावर बसले, पेन्सिलीला टोक केलं. हे मुद्दाम सांगते, कारण रागाच्या भरात हातून झालं असं म्हणायची सोय मला ठेवायची नाही. आधी कच्च्या कागदावर लिहिलं. मग पानावर उतरवलं — ‘ओळखते. तुमचा कंटाळा आला आहे, म्हणून न ओळखल्यासारखं करते. जिवंत आईला मढं म्हणणाऱ्या मुलीला दुसरं काय मिळणार?’

खाली क्रमांक घातला. २०७. अक्षरही बापटांचं काढलं, मागे झुकलेलं. बत्तीस वर्षं दुसऱ्यांचे अर्ज भरलेला हात तो, त्याला काय अवघड? आणि बापटांचंच का? तर त्यांच्याबद्दल सगळ्यांना ते खरं वाटलं असतं, म्हणून. मला कळत होतं मी काय करते आहे.

आता दुसरी एक गोष्ट. माझी आई नाशिकला नव्हती. भाऊ नाशिकला आहे, हे खरं. आई वाघोलीच्या पुढे एका वृद्धाश्रमात होती. मी ठेवली होती. तिला विसर पडायला लागला, एकदा गॅस उघडा राहिला, एकदा तिने माझ्या मनगटाला चावा घेतला — आणि मी महिनाभरात जागा शोधली. ४१२ने आठ वर्षं काढली. मी एक महिना. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जायचे. आई खिडकीकडे तोंड करून बसलेली असायची. मी समोर बसले तरी माझ्याकडे बघायची नाही. आणि मला दर वेळी वाटायचं, हिला सगळं कळतंय. ही मला ओळखते आणि मुद्दाम बोलत नाही. मी अर्धा तास बसून बिस्किटांचा पुडा ठेवून निघायचे. ते वाक्य मी स्वतःशी रोज बोलत होते. त्या बाईवर फेकलं, एवढंच. यातलं काहीही मी माझ्या बाजूने मांडत नाही. तुम्हाला पूर्ण माहीत असावं म्हणून सांगितलं.

पुस्तक मी मंगळवारीच परत ठेवून आले होते. पुढच्या शनिवारी मी जरा लवकर गेले. का गेले? बघायला गेले. ते कबूल करायला हवं.

चाळिशीची एक बाई आली. पंजाबी ड्रेसवर ओढणी उलटी, पायांत घरातल्याच चपला, आणि तिचे स्वतःचे केस कसेतरी रबराने बांधलेले. तिने ते पुस्तक काढलं, पहिलं पान नाही, दुसरं नाही, सरळ शेवट उघडला. उभ्याउभ्या वाचलं. मी दोन कपाटांपलीकडे प्रवासवर्णनं चाळत होते. तिचा चेहरा काही बदलला नाही. ती फक्त बराच वेळ हलली नाही. मग सुधाताईंच्या टेबलापाशी गेली आणि हळू आवाजात खोडरबर मागितला.

मला वाटलं माझं वाक्य खोडेल. तिने ते तसंच ठेवलं. स्वतःचे दोन्ही अभिप्राय खोडले. सावकाश, कागद फाटू नये म्हणून एका हाताने धरून. रबराचा चुरा ओंजळीत गोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकला, पुस्तक जागेवर ठेवलं आणि जिना उतरून गेली. तिच्या तासातला निम्मासुद्धा वेळ झाला नव्हता. ती त्यानंतर आली नाही.

सुधाताईंनी पुस्तक उघडून पाहिलं आणि खालचा क्रमांक वाचला. तेवढ्यात बापट आलेच — “दोनशे सात!” करत.

सुधाताईंनी पान त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून वाचलं. दोनदा वाचलं. म्हणाले, “अहो, मी पुस्तकांना शिव्या घालतो. माणसांना घालायला मला तोंड आहे. पेन्सिल लागत नाही.”

सुधाताईंचे डोळे भरले होते. त्या म्हणाल्या, “आपलं कार्ड ठेवून जा.”

बापटांनी आजूबाजूला पाहिलं. तिथे मीच होते. ते माझ्याकडे वळले — आणि त्या आवाजात तिखटपणा अजिबात नव्हता — “बाई, तुम्ही सांगा यांना. हे माझं वाटतं का तुम्हाला?”

इथे तरी? इथे तरी मी गप्प बसू शकले असते, नाही का? गप्प बसणं हासुद्धा भित्रेपणाच, पण मी त्याच्याही खाली गेले. मी पान हातात घेतलं, नीट बघितल्यासारखं केलं आणि म्हणाले, “अक्षर तर तुमचंच दिसतंय.”

त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं. मला मान तुकवली, एखाद्याने खरं बोलल्याबद्दल तुकवावी तशी, आणि गेले. सुधाताईंनी त्या दिवसापासून नव्या पुस्तकांना कागद डकवणं बंद केलं. मी आजही शनिवारी जाते. कुणी काही विचारत नाही. पुस्तक घेते, सही करते, उतरते.

बापट एकदा बसस्टॉपवर भेटले. मला वाटलं तोंड फिरवतील. तर म्हणाले, “काय बाई, नवीन काय आलंय?” मी दोनचार नावं सांगितली. त्यांनी लक्षपूर्वक ऐकली, जणू जाऊन घेणारच होते. त्यांना अजूनही वाटतं की माझी प्रामाणिक चूक झाली. बस आली, मी चढले. सांगायला पाच मिनिटं होती माझ्याकडे.

आता शेवटचं. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी वाघोलीला गेले. आई नेहमीसारखी खिडकीकडे तोंड करून बसलेली. केस विस्कटलेले. मी पर्समधला कंगवा काढला. का काढला, मला सांगता येणार नाही. नाही — येईल. ४१२ने लिहिलं होतं म्हणून काढला. मागे उभी राहून विंचरायला लागले. आईने आधी मान आखडली, मग हळूहळू खांदे सोडले, मग डोकं मागे माझ्या पोटाला टेकवलं. किती वर्षांनी, मला आठवत नाही. आणि ती म्हणाली, अगदी स्वच्छ, परक्या बाईशी बोलावं तसं आदराने —

“तुमचा हात हलका आहे हो. माझ्या मुलीचा फार जड होता.”

ती मला ओळखत नव्हती. खरंच ओळखत नव्हती. नाटक करत नव्हती, राग धरून बसली नव्हती. त्या बाईने एवढंच तर विचारलं होतं, आणि त्याचं उत्तर आता माझ्या हातात होतं. तिचा पत्ता सुधाताईंच्या वहीत होता; तो मी मागितला नाही. आई त्याच वर्षी गेली. त्या बाईची आई आहे की नाही, मला माहीत नाही.

पुस्तक अजून त्याच कपाटात आहे. परवा उघडून पाहिलं. दोन जागी रबराने घासलेले करडे डाग, आणि त्यांच्याखाली माझं वाक्य, ठळक, एक अक्षर पुसट झालेलं नाही. त्यापुढे लिहिलंय २०७.

माझा क्रमांक १३६ आहे.