खाणीतले बारा चौरस

मावशी कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात शिपाई म्हणून लागल्या, तेव्हा बाटल्या धुणं आणि सूक्ष्मदर्शक पुसून ठेवणं एवढंच त्यांचं काम होतं. त्याच वर्षी कॉलेजमागची दगडाची खाण बंद पडली. विभागातल्या सरांनी तिथे एकेक मीटरचे बारा चौरस आखले, कोपऱ्यांना लोखंडी खुंट्या ठोकल्या आणि मावशींना म्हणाले, "जरा दोरी धरायला या." मावशी गेल्या, त्या दरवर्षी जातच राहिल्या.

पहिल्या वर्षी मोजण्यासारखं काही नव्हतंच. दगडावर शेवाळाचे डाग, फटीत दोन-चार काड्या.

"हे कशाला लिहायचं?"

"'काही नाही' हेसुद्धा लिहावं लागतं," सर म्हणाले.

मग शेवाळाने माती धरली आणि एका वर्षात मरणारं बारीक गवत आलं. पाचव्या वर्षी मुळं रोवून बसणारं दांडगं गवत आलं, त्याने बारक्याला हुसकावलं. नंतर काटेरी झुडपं, झुडपांच्या आडोशाला झाडांची रोपं. ती डोक्यावर गेली तसं सावलीत गवत विरळ झालं. शास्त्रीय नावं मावशींच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्यांनी आपलीच ठेवली: केसाळी, चिकटी, आगाऊ. सर वहीत त्यापुढे खरं नाव लिहीत.

मावशींचा नवरा शिंपी. तो म्हणायचा, "तू गवत मोजतेस, मी गिऱ्हाइकांची पोटं. दोन्ही वाढतच चाललीत."

तेराव्या वर्षी सर निवृत्त होऊन मुलीकडे राहायला गेले. जाताना वह्या मावशींच्या हातात दिल्या. "कोणी विचारलं नाही तरी मोजा." खरंच कोणी विचारलं नाही. मावशी दरवर्षी त्याच पंधरवड्यात रजा टाकून खाणीत जात.

एकोणिसाव्या वर्षी गेल्या, तर अर्धी खाण भुईसपाट! गाड्या लावायला जागा हवी म्हणून यंत्राने सहा चौरस खरवडून काढले होते, खुंट्यांसकट. मावशी तरातरा प्राचार्यांकडे गेल्या.

"अहो बाई, गवतच होतं ना ते?" प्राचार्य म्हणाले.

त्या दिवशी मावशी जेवल्या नाहीत. नवऱ्याने कारण ऐकलं, थट्टा केली नाही. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून टेप घेऊन तो बरोबर आला. शाबूत खुंट्यांपासूनची अंतरं वहीत होतीच. दोघांनी उन्हात उकिडवं बसून मापं घेतली आणि सहाही चौरस जिथल्या तिथे पुन्हा आखले. पुढे जमीन खचते म्हणून गाड्यांचा बेतही बारगळला.

मावशींना वाटलं होतं, आता परत शेवाळापासून सुरुवात. तसं एकाच चौरसात झालं, जिथे खालचा कातळ उघडा पडला होता. चार चौरसांत कापल्या मुळांतून थेट झुडपंच फुटली आणि तिसऱ्या वर्षी कमरेला लागली. सहाव्यात नुसतं दांडगं गवत माजलं. त्याने दुसऱ्या कशालाच शिरू दिलं नाही.

चोविसाव्या वर्षी विभागात नव्या मॅडम आल्या. कपाटात तराजू शोधताना वह्यांचा गठ्ठा त्यांच्या हाती लागला. त्या तिथेच फरशीवर बसून पानं उलटू लागल्या.

"हे कोणी केलं?"

"आधी सरांनी. मग मी."

"मग म्हणजे किती वर्षं?"

"अकरा."

मॅडमनी एकोणिसाव्या वर्षानंतरची पानं पुन्हा चाळली. मग म्हणाल्या, "न तोडलेले सहा आणि तोडलेले सहा, शेजारी शेजारी. मुद्दाम करायचं म्हटलं तरी कोणी परवानगी दिली नसती, मावशी."

पुढच्या वर्षी लेख छापून आला. मॅडमच्या नावाखाली मावशींचं कागदोपत्री असलेलं पूर्ण नाव होतं. विभागात दोन दिवस चर्चा चालली, ह्या दुसऱ्या बाई कोण? मावशींनी चहा देता देता ऐकलं आणि गालातल्या गालात हसल्या. सरांना मात्र त्यांनी स्वतः फोन केला. सरांना कमी ऐकू येत होतं. लेख छापून आला हे तीनदा ओरडून सांगावं लागलं.

आता मावशी निवृत्त आहेत. गुडघे वाकत नाहीत, म्हणून खाणीत जाताना बुटकं स्टूल नेतात. त्या सहाव्या चौरसात अजून गवतच आहे. का, ते मॅडमनाही सांगता येत नाही.