पीठ न खाणाऱ्या मुंग्या

"पावडर टाकली का न्हाई, एवढंच सांग."

"न्हाई टाकली, मम्मीजी. काल न्हाई, परवाही न्हाई."

"मंग दगडाखाली एकही मुंगी का न्हाई?"

परतूरच्या त्या अंगणात धुण्याचा दगड उलटा पडला होता आणि त्याच्या शेजारी पिठाचा डबा धरून तारादेवी बसल्या होत्या. घरात बोलणं मारवाडीत चाले, भांडण मात्र मराठीत. सून एकता, त्यांची 'बीनणी', मंठ्याच्या मराठी शाळेत शिकलेली. तिच्याशी तिच्याच भाषेत भांडलं की जिंकल्याचं समाधान जास्त, असं तारादेवींचं मत होतं.

मुंग्यांना पीठ-साखर घालायचा नेम त्यांना सासूकडून मिळालेला. बाळंतपणातही त्यांनी खाटेवरून ओरडून ओरडून तो पाळून घेतला होता. मुंग्या राहतात त्या घरात बरकत राहते, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. आणि यंदा बरकतीची फारच गरज होती. मुलानं, नमननं, जालन्यात दुकानाला गाळा बघितला होता. पोरींची शाळाही तिकडंच. बिऱ्हाड तिकडं हलवायला नवरा, शिवनारायणजी, 'बघू' म्हणाले होते, म्हणजे त्यांचं मन टेम्पोत चढून बसलं होतं. नाही म्हणणाऱ्या तारादेवी एकट्या उरल्या होत्या.

अशात कडुलिंबाखालचं जुनं बीळ ओस पडलं. पण धुण्याच्या दगडाखाली बारीक तपकिरी मुंग्या दिसल्या, आणि त्या दिवशी त्यांनी ताटावरच जाहीर करून टाकलं की मुंग्या नवीन आल्यात, आता या घरातून कुणी हलायचं नाही.

मुंग्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. पांढरी पिल्लं पोटाशी धरून त्या रांगेनं शेजारच्या झुंबरबाईंच्या भिंतीखाली गेल्या. तारादेवी डबा घेऊन मागं. तिथून कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या ढिगात. तारादेवी तिथंही हजर. मग पुन्हा दगडाखाली. बरं, पिठाला तोंड लावतील तर शपथ. साखर वाढवली, तूप चोळलं, खोबरं किसलं. सगळं झुंबरबाईंची शेळी चाटून जाई. "भाभी, भाडेकरू लई नखऱ्याचे मिळाले तुम्हाला," झुंबरबाई भिंतीवरून म्हणाल्या, तेव्हापासून तारादेवींनी त्यांच्याकडं बघणंच सोडलं होतं.

आणि आज दगडाखाली पुन्हा कोरडी माती.

एकता त्यांच्याजवळ येऊन बसली. कॉलेजात तिनं प्राणिशास्त्र घेतलं होतं. "त्या तुमचं पीठ खातच न्हाईत, मम्मीजी. दुसऱ्या मुंग्यांची पिल्लं खातात. कडुलिंबाखालचं बीळ त्यांनीच लुटलं."

तारादेवींनी डब्याचं झाकण लावलं. "हे आज सांगतीस?"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणाल्या, बीनणी, तुला मुंग्यांतलं काय कळतं."

तारादेवींनी डबा लांब सरकवला. आपण कांद्यालसणालाही न शिवणाऱ्या, आणि गुडघे धरधरून गल्लीभर शिकाऱ्यांची पंगत वाढत फिरलो. त्याहून राग याचा, की एवढं वाढूनही त्या थांबल्या नाहीत.

"मंग एका जागी बसत का न्हाईत मेल्या?"

एकतानं समजावलं. पिल्लं कोशात असली की काही खात नाहीत, तेवढे दिवस सगळी वस्ती मुक्कामाला. पण नवीन अळ्या निघाल्या की साऱ्यांना एकदमच भूक. आजूबाजूची बिळं खाऊन संपतात. मग पिल्लं उचलायची आणि पुढं निघायचं.

"रुसून जात न्हाईत त्या," एकता म्हणाली. "पोरांना पुरत न्हाई म्हणून जातात."

तारादेवींनी तिच्याकडं रोखून पाहिलं. "हे नमननं शिकवून पाठवलं का?"

"पुस्तकात हाये."

"मंग म्हाताऱ्यांचं काय करतात, तेबी असंल त्या पुस्तकात. का टाकून जातात?"

"म्हाताऱ्यांचं ठाऊक न्हाई. राणीला मधी घालून नेतात. तिला सोडून कुणी हालत न्हाई."

"लई गोड बोलायला लागलीस."

"मम्मीजी, शनिवारी टेम्पो येऊन राह्यला. तुमची पेटी भरू का नको? एकदाचं सांगा. मी रोज विचारून थकले."

तारादेवी गुडघ्यावर हात टेकून उठल्या. उलटा दगड त्यांनी पायानं सरळ केला. डबा काखेत मारला, चपला सरकवल्या आणि फाटक उघडंच टाकून, गल्लीच्या टोकाला कुठं पीठ खाणाऱ्या मुंग्या आहेत का ते बघायला निघून गेल्या.