कार्डाच्या मागची तारीख

बाईंविषयी लिहायला बसलो खरा, पण मला त्यांची माहिती अगदीच तुटपुंजी. एकोणीस वर्षं आमची टेबलं शेजारी होती. तरी त्यांचे यजमान काय करायचे, मुलं किती, हे मला खात्रीनं सांगता येणार नाही. मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांचं काम मात्र मी रोज पाहिलं, म्हणून तेवढंच लिहितो. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्यावं.

आमचा कारखाना लहान. जेमतेम तीस माणसं. मोठ्या कारखान्यांना लागणारी, यंत्रावर सुटा भाग घट्ट धरून ठेवणारी फिक्स्चरं आणि छोटे गिअरबॉक्स आम्ही बनवायचो. मी ड्रॉइंग काढायचो. बाई कामांवर नजर ठेवायच्या. ऑफिसच्या भिंतीवर हिरवा लाकडी बोर्ड होता, त्याला हुकांच्या रांगा. एक काम आलं की एक कार्ड. ड्रॉइंग झालं की कार्ड पुढच्या हुकावर, फाउंड्रीतून ओतीव कास्टिंग आलं की त्याच्या पुढच्या, बाहेरून प्लेटिंगचा मुलामा होऊन आला की शेवटच्या. बाई दर सकाळी शॉपमध्ये, म्हणजे यंत्रं चालायची तिथे, फेरी मारून प्रत्येकाला एकच विचारायच्या, "तारीख सांगा." म्हणून सगळे त्यांना तारीखबाई म्हणायचे. तोंडावरसुद्धा.

फोरमन तर संधीच शोधायचा. "तारीखबाई, तुमच्या लग्नाची तारीख तरी पाळली होती का हो कोणी?"

"तारीख पाळली होती. नवराच उशिरा आला. तुमच्या खात्यातला असावा."

मग लेथवरची माणसंसुद्धा हसायची.

माणूस सांगेल ती तारीख बाई कार्डाच्या पुढच्या बाजूला शाईनं लिहायच्या. जागेवर आल्यावर कार्ड उलटं करून मागे पेन्सिलीनं दुसरी तारीख लिहायच्या. ती त्यांची स्वतःची. लेथवरचा म्हातारा टर्नर चार दिवस म्हणाला की मागे सहा. फाउंड्रीवाला आठवडा म्हणाला की मागे सतरा दिवस. माझ्या ड्रॉइंगला त्या तीन दिवस वाढवायच्या. हे मला कळलं तेव्हा थोडं लागलं, पण मोजून पाहिलं तर बरोबर तीनच दिवस उशीर व्हायचा. गिऱ्हाइकाचा फोन आला की बाई मागची तारीख सांगायच्या. ही गोष्ट त्यांना आणि मला, दोघांनाच ठाऊक होती.

पुढे मालकांची लेक कामात आली. हुशार मुलगी, बाईंना मावशी म्हणायची. गिऱ्हाइकांना आता आपल्या कामाची स्थिती घरबसल्या पाहायची होती, तेव्हा सॉफ्टवेअर घेणं भाग होतं. ते निवडायला मालकांनी तिघांना नेमलं : लेक, बाई आणि मी. मालक आडपडदा न ठेवता म्हणाले, "बाई, ते आलं की बोर्डासाठी वेगळं माणूस ठेवणं मला परवडणार नाही. पण त्यातलं तुमच्याइतकं कोणाला कळतं?"

"म्हणजे सवत पसंत करायला मलाच पाठवताय म्हणा की," बाई म्हणाल्या. मालक ओशाळून हसले. मी खाली बघितलं.

तीन कंपन्यांची माणसं आली. बाई प्रत्येकाला एकच विचारायच्या, "माणूस हो म्हणालाय, पण त्याच्याकडून वेळेत होणार नाही हे मला माहीत आहे. ते यात कुठे लिहायचं?"

पहिला टाय लावून आलेला. "मॅडम, सिस्टीम आली की माणसं आपोआप वेळ पाळतात."

दारात उभ्या फोरमनला हसता हसता ठसका लागला.

दुसऱ्याला प्रश्नच कळला नाही. तिसरी एक किरकोळ अंगाची मुलगी होती. ती विचार करून म्हणाली, "तसा रकाना नाही. पण तुम्ही हवा तो रकाना बनवू शकता. दुसरी तारीख म्हणून." बाईंनी होकारार्थी मान हलवली.

लेकीला पहिलं आवडलं होतं. दिसायला देखणं, रंगीत पट्ट्या. चाचणीसाठी चालू कामं त्यात भरायचं माझ्याकडे आलं. मी दोन दिवस बसून सगळी कार्डं भरली. फक्त पुढची बाजू. मागच्या तारखा ठाऊक असून माझ्या डोक्यातच आलं नाही. यंत्रात भरायची ती शाईचीच, असं मी धरून चाललो. पडद्यावर सगळ्या पट्ट्या हिरव्या झाल्या. एकही काम उशिरा नाही! मालक खूश. सोमवारी त्या कंपनीच्या करारावर सही करायचं ठरलं, आणि सगळ्या गिऱ्हाइकांना त्या तारखा दिसणार होत्या.

दुपारी बाई पडद्यासमोर बराच वेळ उभ्या होत्या. "मागचं नाही भरलंत?" त्यांनी विचारलं. माझे कान तापले.

मग मला एक सुचलं, आणि आयुष्यात क्वचित करतो तसं मी ते बोलून गेलो. "बाई, राहू द्या. महिन्याभरात हे तोंडावर आपटेल. मग बोर्ड परत लागेल. तुम्हीही लागाल."

त्या रागावल्या नाहीत. "आणि तो महिनाभर फोनवर खोटं कोण बोलणार? मीच ना?"

त्यांनी हुकांवरची सगळी कार्डं काढली, आत जाऊन मालकांच्या टेबलावर पालथी मांडली. काचेतून मला दिसत होतं. मालक एकेक कार्ड उचलत होते, पुढे बघत होते, मागे बघत होते. लेक पाठीमागे उभी राहून तोंडावर हात धरून बघत होती.

तिसरं सॉफ्टवेअर घेतलं. दोन तारखांचे दोन रकाने. पुढचे दोन महिने बाई रोज बसून प्रत्येकाचे वाढीव दिवस त्यात भरत होत्या. फाउंड्रीचे दहा, टर्नरचे दोन, माझे तीन. ते चांगलं चाललं. इतकं चांगलं, की वर्षाअखेर त्यांची खुर्ची रिकामी झाली. या बाईंना ठेवून घ्या, असं मी मालकांना म्हणू शकलो असतो. निवडणाऱ्या तिघांत मीही होतो. दोनदा त्यांच्या केबिनपर्यंत गेलो आणि ड्रॉइंगवर सही घेऊन परत आलो.

शेवटच्या दिवशी चहा झाला, लेक रडली. बाईंनी पिशवी उचलली आणि माझ्या टेबलापाशी थांबल्या.

"प्लेटिंगवाल्याला फोन करायचाय आज, लक्षात आहे ना?"

"हो. चारला करतो."

"साडेतीनला करा. चारला तो जागेवर नसतो."

"बरं."

"येते मी."

"या."