गिरणीच्या भिंतीवरची रेघ

पोलादपूरच्या नाक्यावर, महाबळेश्वरचा रस्ता फुटतो तिथून जरा अलीकडे, अरविंदची पत्र्याची टपरी होती. गाडीत जिथे म्हणून वायर जाते तिथे अरविंदचा हात जायचा. माणूस मूळचा महाडचा. मार्चमध्ये चवदार तळ्यावर गर्दी लोटते त्या दोन-तीन दिवसांत टपरीला कुलूप, कारण मांडवातले दिवे आणि कर्णे याच्याच अंगावर असायचे. एरवी रविवारीसुद्धा टपरी उघडी. बोलणं मोजकं, आणि ते मोजकंही बहुधा तिरकं. "बाई, शाळेत मुलांना शिकवा, मला नको," हे मी त्याच्याकडून कितीतरी वेळा ऐकलं आहे.

मी डोंगरावरच्या एका वाडीतल्या शाळेत शिक्षिका होते. महाडहून पोलादपूरपर्यंत एसटी, पुढे मालोजीची कमांडर जीप. संध्याकाळी त्याच जीपने खाली यायचं आणि महाडची एसटी येईपर्यंत पुढच्या सीटवर बसून राहायचं. मालोजी पन्नाशी ओलांडलेला, गप्पिष्ट माणूस. उतरताना सगळा रस्ता विचारत राहायचा, "बाई, म्हशी कुनाच्या हो त्या?" "बाई, म्होरं चालतोय तो केरूच ना?" मी सांगायची. मला वाटायचं, याला बोलायला सोबत हवी असते. दोन वर्षं मी त्याच्याशेजारी बसले आणि दोन वर्षं मला एवढंच वाटत राहिलं. स्वतःला मोठी हुशार समजणाऱ्या बाईची ही गोष्ट आहे, असंही म्हणायला हरकत नाही.

पण सांगायचं आहे ते अरविंदबद्दल. त्याच्या टपरीसमोर बंद पडलेल्या भातगिरणीची मागची भिंत होती. ती तो दर दसऱ्याला पदरच्या चुन्याने रंगवायचा आणि तिच्यावर कोळशाने एक आडवी रेघ मारून घ्यायचा. ही रेघ मारायचा मान मालोजीचा. अरविंदने टपरी टाकली तेव्हा नाक्यावरचे चार लोक नुसतेच बघून पुढे जात होते. कुणाला त्याच्या कामाची खात्री नव्हती, कुणाला आडनाव विचारायची घाई होती. मालोजीने जीप आणून उभी केली, दिव्यांचं काम दिलं आणि काम होईपर्यंत त्याच्याच डब्यातली भाकरी मागून खाल्ली. अरविंद ते कधी बोलून दाखवायचा नाही. पण रेघेचा कोळसा दरवर्षी मालोजीच्याच हातात द्यायचा.

दिवे सेट करायची त्याची रीत अशी. भिंतीपासून पंचवीस फुटांवर जमिनीत एक दगड पुरलेला होता, त्याला गाडीचं पुढचं चाक लावायचं. दिवेलागण झाली की ड्रायव्हरने सीटवर बसून दिवे लावायचे. अरविंद दिव्यासमोर उकिडवा बसणार, तोंड गाडीकडे, पाठ भिंतीकडे. हातातल्या स्क्रू ड्रायव्हरने तो स्क्रू फिरवायचा आणि ड्रायव्हर सांगायचा, "वर... खाली... थांब." उजेडाची वरची कड रेघेवर बसली की काम संपलं. मागे वळून तो कधीच बघायचा नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "रस्त्यावर तो बसनार हाय, मी नाय. त्याच्या डोळ्यांवर मी कशाला पहारा करू?" मला ते फार आवडलं होतं. कशेडी घाट उतरून आलेले ट्रकवालेसुद्धा त्याच्याकडे थांबायचे ते बहुतेक याचसाठी. आपल्या शब्दावर काम करणारा कारागीर कुणाला आवडत नाही?

दोन हजार आठ सालची गोष्ट. मालोजीला उजेडाचं वेडच लागलं. आधी जास्त ताकदीचे हॅलोजन घेतले, मग बंपरवर दोन जादा दिवे लावले. अरविंद म्हणायचा, "दादा, लग्नाची वरात काडायची हाय काय?" मालोजी हसण्यावारी न्यायचा. मग मुंबईहून त्याचा मुलगा सुनील झेनॉनच्या दिव्यांची पेटी घेऊन आला. तेव्हा मोठ्या गाड्यांना असायचे तसले दिवे. ट्यूबलाइटला चोक असतो तसा प्रत्येक दिव्याला एक डबा, आणि लावल्यावर आधी निळसर, मग दुधासारखा पांढरा उजेड.

अरविंदने पेटी उलटीपालटी करून पाहिली. "हे तुज्या जीपला नाय रे चालायचं, दादा. आरसा जुन्या बल्बचा हाय. उजेड फाकनार, समोरच्याच्या डोळ्यात जानार."

"तू लाव रं. माजं मी बघतो," मालोजी म्हणाला.

दुसऱ्या कुणाला अरविंदने पेटीसकट परत पाठवलं असतं. मालोजीला नाही म्हणणं त्याला जमलं नाही. त्याने दुपारभर खपून नवं वायरिंग ओढलं, रिले बसवला, डबे पक्के केले आणि दिवेलागणीला जीप दगडाशी लावली. मी नेहमीप्रमाणे पुढच्या सीटवर होते. मालोजी "थांब" म्हणाला तेव्हा उजेडाची कड रेघेच्या चांगली हातभर वर होती. मला ती स्वच्छ दिसत होती. म्हटलं, असेल काही घाटातल्या गाडीचं गणित, आपण कशाला नाक खुपसा. मी गप्प राहिले, आणि त्या गप्प राहण्याची लाज मला अजून वाटते.

पुढच्या रविवारी अरविंद टपरी दुपारीच बंद करून बायकोला, आम्रपालीला, स्कूटरवर मागे बसवून तुडीलला सासुरवाडीला गेला होता. परतताना अंधारून आलं. महाड सोडून थोडं पुढे आल्यावर वळणावर समोरून पांढराफटक उजेड आला आणि रस्ताच नाहीसा झाला. स्कूटर कडेच्या चरात गेली. अरविंदला खरचटलं, आम्रपालीचं मनगट मोडलं. गाडी निघून गेली. तिच्या ड्रायव्हरला काही कळलंही नसावं. पण या बाजूला तसला फाकलेला उजेड एकाच जीपला होता, रविवारी ती महाडची भाडी मारायची, आणि तो कुणी बसवला होता हे चरात पडलेल्या माणसाला सांगावं लागलं नाही.

त्याने कुणाशी भांडण केलं नाही. मंगळवारी सकाळी मी एसटीतून उतरले तेव्हा तो शिडीवर चढून गिरणीच्या भिंतीला चुना मारत होता. दसरा होऊन महिना झाला होता. मी म्हटलं, "हे काय मध्येच?" तर म्हणाला, "भिंत माजी मी रंगवतो, बाई." मी माझ्या वाटेने गेले.

संध्याकाळी खाली आलो तशी त्याने मालोजीला हाक मारली. "दादा, दगडाशी लाव. लाइट पुन्ना बघू." मालोजीने गाडी लावली, दिवे लावले. समोर भिंत कोरी करकरीत. मी बोलायला तोंड उघडलं, पण अरविंदने माझ्याकडे असं बघितलं की मी मिटून घेतलं. तो दिव्यासमोर बसला, पाठ भिंतीकडे, नेहमीसारखीच.

"सांग, दादा."

"खाली घे," मालोजी डोळे बारीक करून म्हणाला. "आनखी थोडा... हां, थांब. बसला रेघेवर."

अरविंदने स्क्रू ड्रायव्हर जमिनीवर ठेवला. 

"दादा," तो म्हणाला, "भिंतीवर रेघच नाय. सकाळी पुसली मी."

मालोजीचे हात स्टिअरिंगवरच राहिले. मला त्याच्याकडे बघवेना. म्हशी, केरू, वळणावरचा दगडांचा ढीग, जे जे मी दोन वर्षं हौसेने सांगत आले होते ते त्याला दिसतच नव्हतं.

"दिवसा समदं दिसतंय रे," तो शेवटी म्हणाला. "तिनीसांजेलाच धुकं आल्यावानी होतं. उजेड वाढवला तर फिटंल वाटलं. डोळं गेलं म्हनलं तर माज्या जीपमंदी बसंल कोन?"

"आमी बसलो होतो तुज्या समोरून येनाऱ्या स्कूटरवर," अरविंद म्हणाला. "मी नि आम्रपाली."

मालोजी खाली उतरला आणि त्याचे पाय धरायला वाकला. अरविंदने त्याला दंडाला धरून उभं केलं आणि जोरात ओरडला, "वाकतोस काय? लाइट मी बसवले! मान वळवून एकदा बघितलं असतं तर मलापन दिसलं असतं!" मी या माणसाचा तिरकसपणा पुष्कळ पाहिला होता, पण डोळ्यांत पाणी त्या दिवशीच पाहिलं.

झेनॉनची पेटी टपरीच्या फळीवर गेली आणि जुने बल्ब परत आले. जीप महिनाभर गिरणीपाशी उभी राहिली. कुणी विचारलं की अरविंद सांगायचा, "वायरिंग जळलंय." एवढे दिवस एक वायरिंग जुळत नाही म्हणून नाक्यावर त्याची टिंगल झाली, दोन गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. त्याने ऐकून घेतलं. मालोजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. महाडला एकापाठोपाठ एक दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदूचं खरं नाक्यावर तिघांनाच ठाऊक होतं.

डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही म्हटलं तेव्हा मालोजी काळा चष्मा घालून टपरीवर आला. अरविंदने त्याच्या हातात कोळसा दिला. भिंतीवर नवी रेघ आली. दिवेलागणीला जीप दगडाशी लागली आणि मालोजीने चष्मा काढला.

"खाली... अजून खाली... थांब. आता वळून बघ रं."

"बघनारच हाय," अरविंद म्हणाला. "तू बोलला नसतास तरी बघनार होतो. आता समद्यांचंच बघतो."

तो उठला आणि वळला. उजेड रेघेवर बसला होता. तो मान हलवून टपरीत गेला. तो जुना विश्वास गेल्याचं मला वाईट वाटलं, पण तो परत यावा असं मात्र वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही डोंगर उतरत होतो. मालोजी काहीच विचारत नव्हता.  वळणावर काळं काहीतरी हललं आणि सवयीने माझ्या तोंडून गेलं, "म्हैस आहे, मालोजीभाऊ."

"दिसली, बाई," तो म्हणाला. "कवाच दिसली."