दोन बटणं, दोन खुर्च्या

कामाची घाई लावणारा आणि ‘सगळं सुरक्षित आहे’ म्हणून सही ठोकणारा, तुमच्या कंपनीत एकच माणूस आहे का? मग कासारवाडीच्या ज्योतीरामचं ऐका.

चाकणच्या एका प्रेस शॉपात पंधरा वर्षं पत्रा ठोकणारा हा गडी. डोक्यात जर्मनीला जायचं भूत, म्हणून रविवारी चिंचवडला जर्मनचा क्लास. ऋचा मॅडमनी प्रत्येकाला एकेका जर्मन माणसावर बोलायला लावलं. शास्त्रज्ञ, संगीतकार हुशारांनी पटकावले. याच्या वाट्याला उरला फाल्कनहाईन नावाचा जनरल.

जर्मन दोन मिनिटांत संपलं, मग ज्योतीराम मराठीत सुटला. "पहिल्या महायुद्धात हा बाबा काही महिने युद्धमंत्रीपण आणि सेनेचा प्रमुखपण! मंत्री म्हणून नव्या पलटणी उभ्या केल्या, प्रमुख म्हणून तीच अर्धकच्ची पोरं बेल्जियममध्ये तोफांपुढं ढकलली. थांब म्हणणार कोण? आरसा? पुढं फ्रान्समधल्या व्हर्दनच्या लढाईत लाखो माणसं खपली, तेव्हा कुठं प्रमुखपद गेलं. शिक्षा काय? दुसऱ्या आघाडीवर बदली!"

सगळे खो खो हसले.

पंधरवड्यात शॉपच्या मॅनेजरनी, मधुसूदन साहेबांनी, ज्योतीरामला सुपरवायझर केलं. सुरक्षा समितीवर कामगारांचा प्रतिनिधी तो आधीपासून होताच.

"ते पद दुसऱ्याला द्यायचं का, साहेब?"

"कशाला राव? तूच रहा. सुरक्षेच्या सहीसाठी प्रतिनिधीमागं पळापळ नको."

याची छाती फुगली.

पहिल्याच दिवशी टार्गेट मागं पडलं. प्रेसची दोन बटणं दोन्ही हातांनी दाबायची असतात, म्हणजे हात आत सापडत नाही. ज्योतीरामनं हाताखालच्या करिष्माच्या मशीनच्या डाव्या बटणात रुपयाचं नाणं खुपसलं. बटण दाबलेलंच राहिलं, एक हात पत्रा सरकवायला मोकळा.

"दादा, हे बरोबर हाय का?"

"मी आहे ना!"

आणि प्रतिनिधी म्हणून सुरक्षेच्या चेकलिस्टवर स्वतःच लिहिलं, बटणं ठीक. खाली झोकदार सही.

जेवणाच्या सुट्टीआधी करिष्मा समोर येऊन उभी राहिली. हातमोज्याच्या दोन बोटांची टोकं उडालेली. आतली बोटं केसभरानं वाचली होती.

"तक्रार प्रतिनिधीकडं करायची ना, दादा? कुठं बसतो तो?"

ज्योतीरामला तो जनरल आठवला. ज्याला भर वर्गात हसलो, त्याच्याच जागी आता आपण! त्यानं नाणं उपसलं, चेकलिस्टवर लिहिलं, ‘बटण मीच अडकवलं होतं,’ आणि कागद घेऊन साहेबांकडं गेला.

"सुपरवायझरकी तुमच्याकडंच ठेवा. मी प्रतिनिधीच बरा."

"येडा झालास? जर्मनीला पाठवणार होतो तुला!"

"तिथला दोन खुर्च्यांवाला एक बघितलाय, साहेब. पुरे."

तो अजून प्रेसवरच आहे. तुम्ही एक करा राव, उद्या शिफ्टला गेलात की आधी दोन्ही बटणं बघा. नाणं दिसलं तर उपसा, आणि खाली सही कुणाची आहे ते मोठ्यानं वाचा.