खणातली पुडी

लातूरच्या त्या दातांच्या दवाखान्यातल्या मावशींचं नाव मला अजून माहीत नाही. मुरुडहून आधी आईला, मग भावाला मीच तिथं नेलं होतं. दाढ डॉक्टर काढतात, पण पेशंटला घरी कधी सोडायचं ते मावशी ठरवतात.

यंदा माझीच अक्कलदाढ काढली. अर्धा गाल बधिर, तोंडात कापूस. मावशी समोर येऊन उभ्या राहिल्या.

"तासभर दाबून धरा. थुंकायचं न्हाई, लाळ गिळायची. थुंकलं की जखमेवरची रक्ताची गाठ निघती, मग लई ठणकतंय. आज थंडच खा. मिठाच्या गुळण्या उद्यापासून. गाल सुजंल, भिऊ नका. अन् तंबाखू बंद. काढा पुडी."

मी खिशातली पुडी काढून दिली. त्यांनी तिला माझ्या नावाची चिठ्ठी लावली आणि खणात टाकली. "टाके काढायला याल तवा न्या."

आठ दिवसांनी टाके निघाले. मावशींनी खण उघडला. चिठ्ठ्या लावलेल्या बऱ्याच पुड्यांखाली मिश्रीची एक गंजलेली डबी होती.

"ही कुणाची?" मी विचारलं.

"माझी. माझी दाढ काढली तवा ठेवली, बारा वर्षं झाली. तुमची घ्या की."

मी खण लावून टाकला.