जयवंतीबाईंचे विद्यार्थी गुरुजी

आमच्या केंद्रप्रमुख जयवंतीबाई मूळच्या इथल्याच, पोशेऱ्याच्या आदिवासी पाड्यावरच्या. मोखाड्यात नवा शिक्षक हजर झाला की आधी बाईंच्या तावडीत सापडतो. प्रशिक्षणाला बाहेरून येणारे तज्ज्ञ पडद्यावर चित्रं दाखवून आम्हा शिक्षकांना झोपवतात. बाई कुणाला झोपू देत नाहीत. त्यांचा एकच हट्ट: पहिला महिना मुलांना शिकवू नका, मुलांकडून शिका. पाड्यावर जा, चुलीपाशी बसा, त्यांची बोली कानावर पडू द्या. "गुरुजींची मराठी कळायची नाही, म्हणून पहिलीत मी तोंडच उघडत नव्हते. गुरुजींना वाटलं, पोर मुकी आहे," असं सांगून स्वतःच खो खो हसतात. आता त्यांना गप्प करायची कुणाची टाप नाही.

यंदा लातूरकडचे रोहिदास सर आले. माणूस भला, पण भारी उतावळा. महिनाभर थांबायला त्यांना धीर कुठला? आल्याआल्या पाठ सुरू. मुलं खाली मान घालून बसायची, एक चकार शब्द नाही. भादव्यापर्यंत सर रडकुंडीला आले. शेवटी त्यांनी बाजारातून कोवळ्या काकड्या आणल्या, कापून, मीठ लावून मुलांपुढे ठेवल्या. एकाही मुलाने हात लावला नाही.

सरांच्या मनाला ते फार लागलं. त्यांनी बाईंना फोन केला. "बोलत तर नाहीतच, माझ्या हातचं खातही नाहीत. मी बदलीचा अर्ज करतो."

बाई जीप पकडून थेट शाळेत. काकड्यांचं न शिवलेलं ताट बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"अर्ज उद्या करा. आधी मुलांना विचारा, का खात नाही ते. आणि उत्तर येईपर्यंत तुम्ही गप्प बसा."

सरांनी विचारलं आणि ओठ आवळून बसले. केवढा जुलूम! बऱ्याच वेळाने रुपी नावाची मुलगी उठली.

"आजून देवाला नीही दाखवली, गुरुजी. नवी काकडी आधी देवाला, मंग आपल्याला."

झालं! पूजा कोण करतो, देव कुठे आहे, गेल्या साली कुणी चोरून खाल्ली आणि त्याचं पोट कसं दुखलं, सगळे एकदमच सांगायला लागले. निम्मं बोलीत, निम्मं मराठीत. सरांना फारसं कळलं नाही, पण आनंदाने त्यांचे डोळे भरून आले. पूजेच्या दिवशी मुलं त्यांना हाताला धरून पाड्यावर घेऊन गेली. पूजा करणाऱ्या फागू भगताने देवापुढची काकडीची फोड सरांच्या हातावर ठेवली आणि ती मुलांच्या पंगतीत बसून त्यांनी खाल्ली.

पुढच्या शिक्षण परिषदेत बाईंनी सगळ्यांसमोर छेडलं, "काय सर, बदलीचं कुठवर आलं?"

आम्ही हसलो. सर मात्र उठून उभे राहिले.

"नवा भात निघाला की पहिला घास माझ्यासोबत खायचा, असं पोरांनी ठरवलंय. आता त्यांना सोडून माझ्या घशाखाली घास उतरेल का, बाई?"